साबळे सरांचं स्पॅनिश

आमच्या शहरात स्पॅनिशमधून लेणी दाखवणारे आम्ही तिघं जुने गाईड, आणि तिघांचंही स्पॅनिश फुलंब्रीचं. हे मी जरा मिरवूनच सांगते. माद्रिदहून आलेले पाहुणे विचारतात, बाई, ही भाषा शिकलात कुठं? दिल्लीला की पुण्याला? मी सांगते, छावणीत, सलीमच्या अब्बांच्या गाद्यांच्या दुकानावरच्या खोलीत. आणि शिकवणारा माणूस फुलंब्रीहून एसटीनं यायचा. पाहुणे हसतात. त्यांना वाटतं, बाई गंमत करतेय.

रंगनाथ साबळे हे त्या माणसाचं नाव. आता ते नाहीत. शहर औरंगाबाद होतं तेव्हाची ही गोष्ट. सर स्वतः अजिंठ्याला गाईड होते. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून आमचा वर्ग सोमवारी. खाली अब्बा कापूस पिंजून घ्यायचे आणि वर आम्ही तिघं सतरंजीवर बसून शिंकत असायचो. सलीम, अजिंठा गावचा ज्ञानदेव आणि मी. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी. मुलीनं गाईड व्हायचं म्हटल्यावर वडिलांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. सरांनी मात्र पहिल्या दिवशी मला एवढंच विचारलं, "पायऱ्या चढता येतेत का? दम लागत नाय ना? मग झालं."

सर पायऱ्या उलटे चढायचे. खरंच उलटे. पाहुणे खाली आणि सर त्यांच्याकडे तोंड करून, पाठीमागची एकेक पायरी पायानं चाचपत वर जाणार. "पाहुण्याला पाठ दाखवायची नाय," एवढंच त्यांचं म्हणणं. पांढरा टेरिकॉटचा शर्ट, खिशात गूळ-शेंगदाण्याची पुडी, हातात काळी छत्री. छत्री ऊन-पावसासाठी नव्हती, म्हाताऱ्या पाहुण्यांना टेकायला होती. चित्राकडे कधी बोट दाखवायचे नाहीत. तळहात उघडा करून दाखवायचे, देवाला नैवेद्य दाखवतात तसा. आम्हीही आज तसाच दाखवतो. मुद्दाम नाही, हाताला तशी सवयच लागली आहे.

त्यांना स्पॅनिश आलं कुठून, तर दिव्याच्या वायरीतून, असं ते म्हणायचे. तरुणपणी ते लेण्यांत दिवा धरायच्या कामावर होते. तेव्हा आजच्यासारखी प्रकाशयोजना नव्हती. एक माणूस लांब वायर ओढत मोठा दिवा घेऊन हिंडायचा आणि गाईड सांगेल त्या भिंतीवर उजेड पाडायचा. एका हिवाळ्यात स्पेनची एक चित्रकार बाई भिंतीवरच्या चित्रांच्या नकला काढायला येऊन राहिली. तिला रोज तासन्‌तास उजेड लागायचा. सर दिवा धरून उभे आणि ती काढता काढता बोलत असायची. जाताना तिनं तिचं व्याकरणाचं पुस्तक सरांना दिलं. पुढं अकरा वर्षं सर तिला फुलंब्रीहून पत्रं लिहीत राहिले आणि ती त्यांचीच पत्रं लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवत राहिली. ती पत्रं त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. आमचं पाठ्यपुस्तक तेच. कार्मेनबाई असंच ते तिला म्हणायचे. वर्गात तिचं नाव असं घ्यायचे, की ती फुलंब्रीतच चार घरं पलीकडं राहते असं वाटावं.

एका सोमवारी सरांनी भिंतीवर खडूनं तीन शब्द लिहिले. आब्लार, कोमेर, बिबिर. बोलणं, खाणं, राहणं.

"आजपोस्तर आपण काय शिकलो? तो बोलतो, तो खातो, तो राहतो. जे घडतंय ते. आता दुसरं शिकायचं. त्यानं बोलावं, त्यानं खावं, त्यानं राहावं. जे घडलं नाय, पर घडावं असं वाटतं ते. ह्याला ते लोक सुब्खुन्तीवो म्हणतेत."

ज्ञानदेवनं वहीत तो शब्द लिहायला घेतला आणि अर्ध्यात सोडून दिला.

"नाव राहू दे रं. रीत समजून घे. पयलं 'मी'चं रूप घ्यायचं. आब्लो, कोमो, बिबो. मी बोलतो, मी खातो, मी राहतो. त्याचा शेवटचा 'ओ' काढून टाकायचा. दुसऱ्यासाठी काही मागायचं तर आपला 'मी' आधी बाहेर ठेवायचा. आता उरलं काय? आब्ल, कोम, बिब. आता दोन घरं हायेत. एक आरचं घर. दुसरं एरचं. इर हा एरचा सख्खा भाऊ, एकाच घरात राहतो. आरच्या घरची पोरगी 'आ'. एरच्या घरची पोरगी 'ए'. साध्या बोलण्यात दोघी आपापल्या माहेरी. आब्ला, कोमे, बिबे. आन् इच्छेचं बोलणं निघालं की?"

ज्ञानदेव वहीत शोधू लागला.

"साटंलोटं!" सर ओरडले आणि त्यांनी दोन्ही हात पुढं करून मनगटांवर एकमेकांत ओलांडले. "ह्याची पोरगी त्याच्या घरी, त्याची पोरगी ह्याच्या घरी. आब्ले! कोमा! बिबा! आम्ही सगळ्यांनी बोलावं तर आब्लेमोस, खावं तर कोमामोस. त्यांनी बोलावं, आब्लेन. त्यांनी खावं, कोमान. पोरगी बदलली, बाकी घर तेच."

दोन घरांनी एकमेकांच्या मुली करून घ्यायची ही रीत आमच्या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. सरांचं स्वतःचं लग्न तसंच झालेलं. त्यांची बहीण सिल्लोडकडे गेली आणि तिची नणंद कमलबाई ह्यांच्या घरी आली. त्या दिवसानंतर आम्ही कधी अडलो, की सर तोंडानं काही सांगायचे नाहीत. नुसते हात पुढं करून मनगटं ओलांडायचे आणि आमच्या तोंडातून बरोबर रूप बाहेर पडायचं.

हुरड्याला एकदा त्यांनी आम्हाला फुलंब्रीला शेतात नेलं. तिथं सलीमनं कमलबाईंना हे सगळं कौतुकानं सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई! मला आन् माझ्या नंदेला तिकडं स्पेनमधी कशाला न्यायचं? आन् त्या साटंलोट्यात भांडणंबी लई झाली, ती सांगितली का पोरायला?"

"ती अनियमित क्रियापदांत येतेत," सर म्हणाले. "ती दुसऱ्या वर्षी."

हे रूप वापरायचं कधी, हे त्यांनी जसं शिकवलं तसं मी अजून कुठल्या पुस्तकात पाहिलेलं नाही. इच्छा असेल तेव्हा, आशा असेल तेव्हा, विनवायचं असेल तेव्हा. एस्पेरो के देस्कान्सेन, तुम्हाला विश्रांती मिळावी अशी आशा आहे. केरो के बेबान आग्वा, तुम्ही पाणी प्यावं असं मला वाटतं. सरांच्या मते पाहुण्याला 'बसा, उठा, चला' असं हाकायचं नसतं. बसावं, घ्यावं, यावं, असंच बोलायचं. "कार्मेनबाई म्हणायची, विंग्रज लोकांना हे शिकवताना घाम फुटतो, तुला दोन दिवसांत कसं आलं? म्हटलं, बाई, आमच्यात जावई आला की हेच चालतं."

एकदा त्यांनी 'ओखाला' शब्द सांगितला. असं होवो, असं घडो. त्याच्यामागं नेहमी हेच रूप यायचं. हा शब्द अरबांकडून स्पेनमध्ये गेला आणि त्यात अल्लाचं नाव आहे, हे सांगताच सलीम उभाच राहिला. "सर, ये तो हमारेच घर का निकला!" आणि जिन्यावरून खाली ओरडला, "अब्बा, स्पेनवालेभी अल्ला का नाम लेते!" खालचं पिंजण थांबलं. अब्बांनी त्या दिवशी वर चहाबरोबर खारी पाठवली.

पण ह्या रूपाचा सरांच्या लेखी सगळ्यात मोठा उपयोग वेगळाच होता. शंका. क्रेओ के, मला वाटतं, असं म्हटलं की पुढं साधं रूप. नो क्रेओ के, मला वाटत नाही, म्हटलं की हे रूप. ह्यावर सर जे बोलायचे ते व्याकरण नव्हतं, तो त्यांचा स्वभाव होता. मी शिकाऊ म्हणून त्यांच्या मागं हिंडत असताना एकदा एका ट्रॅव्हल कंपनीचा माणूस ग्रुपबरोबर आला होता. पहिल्या लेण्यात मान झुकवून बसलेल्या एका स्त्रीच्या चित्रापाशी त्यानं पाहुण्यांना सांगून टाकलं, ही राणी नवऱ्याच्या विरहानं रडते आहे. पाहुणे हळहळले. सरांनी तळहात चित्राकडे केला आणि शांतपणे म्हणाले, "नो क्रेओ के योरे." ती रडत असेल असं मला वाटत नाही. मग म्हणाले, ती कोण आहे हे मला माहीत नाही, तुम्हीच जरा बघा.

बाहेर आल्यावर तो माणूस भडकला. "साबळे, लोक गोष्टी ऐकायला पैसे मोजतात. तुम्ही काय 'माहीत नाही' सांगता?"

"म्हायती नाय तर काय सांगू? ज्याची खात्री नाय ते खात्रीच्या रूपात बोलायचं नाय. त्याच्यासाठी त्या लोकांनी आख्खं एक रूप बनवून ठेवलंय, ते काय लोणचं घालायला?"

त्या कंपनीनं पुढं सरांना बोलावणं बंद केलं. सरांनी त्याचा उल्लेखही केला नाही. मला मात्र तेव्हा त्यांचा रागच आला होता. एवढं ताणायची काय गरज, असं वाटायचं. वय होतं माझं तसं.

मग नियम आला. परदेशी भाषेतून लेणी दाखवायची तर त्या भाषेची सरकारी परीक्षा हवी. सरांकडे स्पॅनिशचा कागद कुठला? होती ती कार्मेनबाईची लाल शाई. इतकी वर्षं ते इंग्रजी-हिंदीच्या परवान्यावरच स्पॅनिश पाहुण्यांना हिंडवत होते. म्हणजे आता आमच्याबरोबर सरांनाही परीक्षेला बसावं लागणार होतं. वय सत्तावन्न. आम्हाला लाजल्यासारखं झालं, सरांना मुळीच नाही. त्यांनी नवा शर्ट शिवला. कमलबाईंनी मला हळूच सांगितलं, "रात्री झोपेतबी बडबडतेत. हे गेलं तर माणूस नुसता बसून राहील बघ." दिवा धरायचं काम सोडल्यापासून त्यांनी दुसरं काही मागितलंच नव्हतं. स्पॅनिश पाहुण्यांना अजिंठा दाखवायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

परीक्षा लेण्यांतच झाली. दिल्लीहून एक वयस्कर बाई आल्या होत्या, केस पांढरे, आवाज बारीक पण धारदार. पहिल्या लेण्याच्या ओसरीत त्या पाहुणी होऊन उभ्या राहणार आणि एकेकानं त्यांना लेणं दाखवायचं. बाकीच्यांनी मागं गप्प उभं राहायचं. खरं तर ज्येष्ठ म्हणून सरांचा पहिला नंबर. त्यांनी आम्हाला पुढं काढलं. "पोरं मोकळी होऊ द्या, मग मी." सलीम सुटला. मी सुटले, घाम पुसत. तिसरा ज्ञानदेव.

ज्ञानदेव आमच्यात सगळ्यात गुणी. पण बाईंनी डोळ्यांत डोळे घालून पहिला प्रश्न केला आणि त्याचं सगळं गेलं. अजिंठ्याच्या मातीत वाढलेला पोरगा त्या ओसरीत असा उभा, की त्याला स्वतःचं नावही सांगता आलं नसतं. बाई वाट पाहत होत्या. तो कपाळ पुसत होता. त्याच्या घरी पाच एकर कोरडवाहू आणि चार भावंडं होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी सहज मागं पाहिलं. सरांचे हात पुढं आले होते आणि मनगटं एकमेकांवर ओलांडलेली होती. त्यांना त्याचं भानही नव्हतं. दर सोमवारी केलं तेच हात करत होते.

ज्ञानदेवनं पाहिलं आणि त्याला कंठ फुटला. "एस्पेरो के एन्त्रेन कोन काल्मा," निवांत आत यावं अशी आशा आहे, असं म्हणत तो जो सुटला, तो शेवटच्या भिंतीपर्यंत थांबला नाही. बाई खूश झाल्या. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी कळलं नसतं. एक म्हातारा हात आखडून उभा आहे, एवढंच दिसलं असतं.

"सेन्योर साबळे," त्यांनी हाक मारली.

सर पुढं गेले, पण लेणं दाखवायला नाही. सरळ स्पॅनिशमध्ये म्हणाले, बाई, ह्याची परीक्षा पुन्हा घ्यावी. मी त्याला खूण केली. त्यानं मागितली नव्हती, चूक माझी आहे.

बाईंना कळेना. कसली खूण? मग सरांनी त्या ओसरीत त्यांना साटंलोटं समजावून सांगितलं. दोन घरं, दोन पोरी, ओलांडलेली मनगटं, सगळं. स्वच्छ, अडखळ नसलेल्या स्पॅनिशमध्ये, मध्येमध्ये बाईंना हसवत. मी आयुष्यात ऐकलेलं ते सगळ्यात सुंदर स्पॅनिश. त्याहून चांगली तोंडी परीक्षा कुणी दिली नसेल, पण ती परीक्षा धरायची नव्हती. बाई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, नियम मी बनवलेला नाही, पण परीक्षार्थीनं परीक्षार्थीला मदत केली तर मला नाव काढावं लागतं. तुम्ही बोलला नसता तर.

"बोललो नसतो तर ह्या पोरायला मी शिकवलं काय?" सर मराठीतच म्हणाले.

ज्ञानदेवला दुसऱ्या लेण्यात नेलं, सरांना बाहेर बसवलं. तो पास झाला. सरांच्या नावावर रेघ आली. पुढची परीक्षा काही वर्षांनी झाली, तेव्हा वयाची अट आली होती आणि सर तिच्या पलीकडं गेले होते. परवान्याशिवाय लेण्यांत स्पॅनिश बोलणार नाही, असा शब्द त्यांनी बाईंना दिला होता. तो त्यांनी पाळला. शाळेच्या सहली, गुजरातचे यात्रेकरू, इंग्रजी बोलणारे एकटेदुकटे, असे त्यांना मिळायचे. शेजारून माझा स्पॅनिश ग्रुप जायचा आणि सर मान हलवून पुढं व्हायचे.

एकदा सतराव्या लेण्यात मी एका शब्दाला अडले. सर चार हातांवर शाळेच्या पोरांबरोबर उभे होते. मी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाठ केली. एरवी पायऱ्यासुद्धा उलटे चढणारा माणूस. दोन्ही हात त्यांनी पाठीमागं घट्ट धरून ठेवले होते, बोटं पांढरी पडेपर्यंत. मला तो शब्द मग आपोआप सापडला. त्या पाठीएवढा अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही.

आणि सरांचं शिकवणं तरी कुठं वाया गेलं? आमचे पाहुणे मायदेशी जाऊन आपल्या मित्रांना पाठवतात. त्यातले एक गृहस्थ सलीमबरोबर वेरूळ पाहून आले, दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर अजिंठा. संध्याकाळी म्हणाले, तुम्ही इथले गाईड बहीणभाऊ आहात का? सगळे आम्हाला सारखं काहीतरी चांगलं चिंततच बोलता. मी म्हटलं, हो, एका घरातलेच.

सर निवृत्त झाल्यावर वर्षभरानं मी एक ग्रुप घेऊन गेले. वालेन्सियाचे अठरा निवृत्त शिक्षक. तिकीटखिडकीशी पाहते तर रांगेत सर. खिडकीतला माणूस म्हणत होता, "सर, तुमाला कशाला तिकीट? जावा की आत."

"नाय. आज तिकीट पायजे," सर म्हणाले. तिकीट घेऊन ते माझ्यासमोर आले, हात जोडले. "मॅडम, मी तुमच्या ग्रुपमधी आलो तर चालंल का? आज मी गाईड नाय. पाहुणा हाय. पाहुण्यानं कोणती भाषा बोलावी ह्याला नियम नाय ना?"

मी नुसती मान हलवली.

त्या दिवशी सर मनसोक्त स्पॅनिश बोलले. माझं काम हिसकावलं नाही, लेण्याबद्दल एक वाक्य स्वतः सांगितलं नाही. फक्त प्रश्न विचारले, ग्रुपमधल्या शहाण्या पाहुण्यासारखे. आणि प्रश्न असे, की मला सगळं नीट सांगावंच लागलं. मधल्या वाटेवर त्या अठरा जणांना ओलिव्हची झाडं, त्यांचे विद्यार्थी, त्यांचे गुडघे, सगळं विचारून झालं. गूळ-शेंगदाणे वाटून झाले. परतीच्या बसमध्ये ते आमच्याबरोबरच बसले. फुलंब्री वाटेवरच आहे.

बसमध्ये मी नेहमीप्रमाणे अभिप्रायाचे सरकारी कागद वाटले. सरांनी हात पुढं केला. "मलाबी द्या. तिकीट हाय माझ्याकडं." मांडीवर छत्री आडवी धरून, तिच्यावर कागद ठेवून, त्यांनी तो शांतपणे भरला. फुलंब्रीच्या फाट्यावर उतरताना घडी घालून माझ्या हातात दिला. बसमधले अठरा जण खिडकीतून हात हलवत होते आणि सर रस्त्याच्या कडेला, बस वळेपर्यंत आमच्याकडे तोंड करून उभे होते. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

कागदावर नाव होतं, रंगनाथ साबळे. देश, भारत. गाव, फुलंब्री. खाली स्पॅनिशमध्ये तीन ओळी. गाईडबाई चांगलं सांगतात. पायऱ्यांवर घाई करतात. देसेओ के एन्सेन्ये, त्यांनी आता शिकवावं अशी माझी इच्छा आहे.

तो कागद घरी ठेवून घ्यावा असं फार वाटलं. पण पाहुण्याचा अभिप्राय कार्यालयात जमा करायचा असतो. सरांच्या कागदाला वेगळा नियम लावला असता तर ते मला काय म्हणाले असते हे मला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी एकोणीस कागद टेबलावर ठेवले. ज्या कार्यालयानं सरांच्या नावावर रेघ मारली होती, त्याच कार्यालयात. बाबूनं एकेक उलटला आणि एकावर थांबला.

"फुलंब्रीचा माणूस? आन् स्पॅनिशमधी लिव्हलंय?"

"व्हय," मी म्हटलं.

"बरोबर लिव्हलंय का?"

"एक चूक काढून दाखवा."

त्यानं कागदावर 'प्राप्त' असा शिक्का मारला आणि फायलीत लावला.